सायकल कोळपं : आठ महिने वापरून झाल्यावर

पिकाच्या ओळींमधलं तण कापायचं, हातानं ढकलायचं एकचाकी सायकल कोळपं घेऊन आठ महिने झाले. पिकं गाजर, बीट, कांदा. म्हणजे तणापुढं लगेच मान टाकणारी. खुरपून खुरपून कंबर धरली होती, घेण्याचं खरं कारण तेवढंच.

पहिला महिना वाया गेला. तण बोटभर वाढलं की मी कोळपं काढायचो, जोर लावून रेटायचो आणि पास, म्हणजे कोळप्याचं आडवं पातं, बुडख्यांत अडकून बसायची. अवजाराला शिव्या दिल्या, पण चूक माझी होती. तण पांढऱ्या दोऱ्यासारखं असतं, माती उकरल्याशिवाय दिसतही नाही, तेव्हा पास फिरवायची. रान स्वच्छ दिसत असताना कोळपायचं, हे मनाला पटायलाच वेळ लागला. त्या वेळी दोन-तीन सेंटीमीटर खोली पुरते. जास्त खोल गेलं की खालचं बी वर येतं आणि पुढच्या तणाची पेरणी आपल्याच हातानं होते.

सलग रेटायचं नाही. हातभर पुढं, थोडं मागं, पुन्हा पुढं. दांडा कमरेच्या उंचीला बसवल्यापासून पाठ दुखायची थांबली.

वाफसा नसेल, म्हणजे रान अजून ओलं असेल, तर मात्र हात लावू नका. एकदा घाईनं ओल्या रानात चालवलं, तर उखडलेली घोळ (मांसल पानांचं तण) तिथल्या तिथं मुळं धरून पुन्हा टवटवीत! आता ऊन चढायच्या आत कोळपतो आणि त्या दिवशी पाणी देत नाही. दिवसभरात उघडी मुळं वाळून जातात.

गाजराला सगळ्यात मोठा फायदा झाला, पण त्याचं श्रेय एकट्या कोळप्याला देता येणार नाही. गाजर उगवायला दोन आठवडे घेतं, तण तेवढ्यात पुढं निघून जातं. म्हणून वाफा तयार करून आधी नुसतं पाणी दिलं, तण उगवू दिलं, वरच्यावर कोळपून मारलं आणि मग पेरलं. पेरताना पुन्हा माती हलवली नाही. पहिली खुरपणी निम्म्याहून हलकी गेली.

लव्हाळ्याचं तण कोळप्याला दाद देत नाही. वरून कापलं तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा फुटतं. सतत कापत राहिलं तर गाठी दमतात, एवढंच. हरळीच्या गवतात तर कोळपं चालवूच नका, तुकडे होऊन ती रानभर पसरते. दोन रोपांच्या मधलं तण शेवटी खुरप्यानंच काढावं लागतं.

तक्रारी आहेत. पासेचे नट ढिले होतात, पाना खिशात ठेवावा लागतो. चिकट मातीत चाकाला गोळे धरतात. धार गेली की पास तण कापत नाही, नुसती वाकवते. मी दर दोन-तीन फेऱ्यांनी कानस मारतो. एकदा ठिबकची नळीही कापली, आता आधी नळ्या बाजूला घेतो.

ओळींचं अंतर मात्र अवजार घेण्याआधी मोजा. माझी पास 20 सेंटीमीटरची, कांद्याच्या ओळी 15 सेंटीमीटरवर. सगळा कांदा हातानं खुरपला. पुढच्या लागवडीआधी अरुंद पास करून घेणार आहे.