प्लास्टरच्या आत काय होतं, ते आम्ही फार उशिरा पाहिलं

घरात राहायला येऊन अडीच वर्षं झाली होती. एका रात्री स्वयंपाकघराच्या छताचा तळहाताएवढा पोपडा ओट्यावर पडला. सकाळी स्टुलावर चढून पाहिलं तर स्लॅबची सळई उघडी पडलेली, तांबूस गंजलेली. नखाने खरवडलं तसा गंजाचा पापुद्राच हातात आला.

मग इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी मोजून दाखवलं, सळईखाली काँक्रीट होतं जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. स्लॅबला ते निदान 20 आणि कॉलमला 40 मिलिमीटर लागतं. याला कव्हर म्हणतात, आणि ते राखायला सळ्यांखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे छोटे ठोकळे, ठेवतात. आमच्याकडे सळ्या थेट सेंट्रिंगच्या प्लेटांवर टेकल्या होत्या. कव्हर कमी पडलं की ओल आणि हवा लवकर आत पोहोचते, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. छत खराब होतंय ते वरच्या गळतीमुळे, असं समजून आम्ही दोन वर्षं गच्चीवर वॉटरप्रूफिंग करत बसलो होतो.

स्लॅब ओतला तो दिवस मला लख्ख आठवतो. मिक्सरजवळचा माणूस बादलीने पाणी ओततच होता आणि माल पेजेसारखा धावत होता. मी विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, पातळ असला की कोपऱ्यात नीट बसतो." खरं म्हणजे सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं. जास्तीचं पाणी पुढे उडून जातं, मागे छिद्रं राहतात आणि ताकद घटते. माल बसवायला व्हायब्रेटर असतो. तो कोपऱ्यात बंद पडून होता.

कॉलमचं तर फारच वाईट केलं. फळ्या काढल्यावर एका कॉलमच्या पायथ्याशी चाळण झाली होती, खडी नुसती दिसत होती. मी घरच्यांना बोलावून आणेपर्यंत त्यावर सिमेंटचा हात फिरला होता. त्या वेळी एक फोटो काढला असता तर आज हातात काही असतं. पाणी मारणंही तिसऱ्या दिवशी थांबलं. साध्या सिमेंटला निदान 7 दिवस आणि फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेल्याला 10 दिवस काँक्रीट ओलं राहावं लागतं. त्याच काँक्रीटचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरून 28 दिवसांनी ताकद तपासायची असते, हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

पण खरी फसवणूक त्याआधीच, पैशात झाली होती. करार एका पानाचा. त्यात काँक्रीटचा ग्रेड, म्हणजे ताकदीची प्रत, नाही, सळ्यांचा तपशील नाही, हप्ते कामाच्या टप्प्यांऐवजी तारखांना बांधलेले. "घरच्यासारखे आहात, कागद कशाला?" या बोलण्यावर आम्ही विरघळलो. निम्मं काम झालं तेव्हा पाऊणएक रक्कम कॉन्ट्रॅक्टरकडे गेली होती. त्यानंतर आमच्या बोलण्याला वजनच उरलं नाही. आता तो फोन उचलत नाही. एकदा उचलला तेव्हा म्हणाला, तडे काय, सगळ्याच घरांना जातात.

त्याने आम्हाला दाखवलं होतं ते घर नुकतंच रंगवलेलं. नवीन घर सगळ्यांचंच चांगलं दिसतं हो. दुरुस्तीसाठी माणूस शोधताना आम्ही एकेका कॉन्ट्रॅक्टरने पाच-सहा वर्षांपूर्वी बांधलेली घरं पाहिली, तीही पाऊस पडून गेल्यावर. बाथरूमखालची छतं आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतले तिरके तडे पाहिले. मालकांना एकच विचारलं, ताबा दिल्यावर काही बिघडलं तेव्हा हे आले का? एका बाईंनी सांगितलं, चौथ्या वर्षी गळती निघाली, दोन दिवसांत स्वतः आले. आम्ही काम त्यांनाच दिलं. देखरेखीचा इंजिनिअर मात्र आमचा आम्ही नेमला आणि त्याची फीही आम्हीच देतो. हप्ता त्याने टप्पा पाहून सही केल्यावरच जातो आणि शेवटची रक्कम एक पावसाळा काढल्यावर द्यायची, असं लिहून घेतलंय.

काल बीमला टेकू लावून नव्या सळ्या बांधल्या. दुपारी मिस्त्रींनी खालून हाक मारली, "ताई, आधी बघून घ्या, मग फळ्या लावतो." मी टेप घेऊन गेले, प्रत्येक बाजूचं कव्हर मोजलं आणि फोटो काढले.