एमएच-झेड१९बी सेन्सर: पुण्यात ४२५चे ४०० का दिसतात?

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तर हा सेन्सर जरूर घ्या. जगभर हवेत हा वायू सुमारे ४२५ पीपीएम (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४२५) आहे, पण पुण्यात हा सेन्सर ४०० दाखवतो. म्हणून जोडल्याबरोबर दिसणाऱ्या आकड्यावरून हवामानबदलाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका.

आत एका बाजूला बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूला इन्फ्रारेड शोधक आहे. कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनचे किरण शोषतो. जितके जास्त शोषले जातील तितका आकडा वर. हाच वायू १५ मायक्रॉनच्या आसपास जमिनीची उष्णता अडवतो. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलने १८५९ साली प्रयोगशाळेत तपासलेला गुणधर्म मुलांना टेबलावर दाखवता येतो, ही या सेन्सरची खरी किंमत.

तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन घेताना ‘ईसीओटू’ (अंदाजित कार्बन डायऑक्साइड) लिहिलेलं काही उचलू नका. सीसीएस८११सारखे सेन्सर हा वायू मोजतच नाहीत, इतर वाफांवरून अंदाज बांधतात. सॅनिटायझरची उघडी बाटली जवळ नेऊन बघा. आकडा झपाट्याने चढला तर तो अंदाजवाला आहे. (तुमचा श्वास सेन्सरपासून दूर ठेवा, त्यात ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो.)

जोडणी सोपी आहे. पुरवठा ५ व्होल्ट, यूएआरटी (सीरिअल जोडणी) ९६०० बॉड वेगाने, सिग्नल ३.३ व्होल्टचा, त्यामुळे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला थेट चालतो. दिवा पेटताना १५० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. केबल लांब आणि बारीक असेल तर व्होल्टेज पडून रीडिंग उड्या मारतं. पहिली ३ मिनिटं सोडून द्या.

घोळ होतो तो ऑटोकॅलिब्रेशनमुळे. दर २४ तासांतला सर्वांत कमी आकडा हा सेन्सर ४०० पीपीएम धरतो. बंद वर्गात हवा ७००च्या खाली आलीच नाही, तर ते ७०० दुसऱ्या दिवशी ४०० होतात. हेक्स ७९ या कमांडने हे आधी बंद करा.

दुसरं कारण उंचीचं. सेन्सर रेणू मोजतो, प्रमाण नव्हे आणि उंचीवर हवा विरळ असल्याने रेणू कमी भरतात. पुणे सुमारे ५६० मीटरवर, हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल. म्हणून अचूक लावलेला सेन्सरही खऱ्या ४२५ला ४००च्या आसपास दाखवतो. सिंहगडावर तर ३६५ दिसतील! ‘जग ४२५ म्हणतं, आपल्याकडे वाढ नाहीच’ हा गैरसमज इथून सुरू होतो. रीडिंगला १०१३ने (समुद्रसपाटीचा दाब) गुणून स्थानिक दाबाने भागा. बीएमपी२८० हा दाब मोजणारा सेन्सर सोबत जोडला की दाब आपोआप मिळतो. तपासणी वेताळ टेकडीवर दुपारी करा. पहाटे थंड हवा खाली साचते आणि रात्रभराचा वायू तिच्यातच अडकतो.

वाढ माणसामुळेच झाली, हे मात्र हा सेन्सर सांगू शकत नाही. औद्योगिक काळापूर्वीचे २८० पीपीएम बर्फातल्या बुडबुड्यांतून कळले. कोळसा आणि तेलात कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) उरलेला नसतो, कार्बन-१३ हा जड प्रकारही कमी. हवेतली दोन्हींची प्रमाणं तशीच उतरली आहेत आणि ऑक्सिजनही घटतोय. तापमानवाढ सूर्यामुळे असती तर स्ट्रॅटोस्फिअर हा वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय. एकमेकांशी संबंध नसलेले हे पुरावे एकाच दिशेने जातात, म्हणूनच आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने २०२१ साली मानवी प्रभाव निःसंशय ठरवला. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०२० साली भारतासाठी केलेलं मूल्यांकनही तेच सांगतं: १९०१ ते २०१८मध्ये सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, मुख्यतः हरितगृह वायूंमुळे.

वार्षिक वाढ या सेन्सरवर शोधू नका. ती जेमतेम २-३ पीपीएम असते आणि याची चूक अधिक-उणे ५० पीपीएम, वर रीडिंगचे काही टक्के. वर्गाच्या खिडक्या लावून अर्ध्या तासात आकडा किती चढतो, यासाठी मात्र उत्तम.