जुन्या पीसीला टेलिप्रिंटर: मॉडेल ३३ घ्यावं की मॉडेल १५?

आयबीएम पीसीच्या पिढीतल्या मशीनला टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारं यंत्र, जोडायचा असेल, तर बहुतेकांची निवड टेलिटाइप कंपनीच्या दोन यंत्रांत अडकते: १९६३चं मॉडेल ३३ आणि त्याहून कितीतरी जुनं मॉडेल १५. बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करायचं असेल तर ३३च घ्या. वेगातला फरक सोसता येतो, अक्षरांतला येत नाही.

मॉडेल ३३ सात बिटांच्या आस्कीवर, म्हणजे संगणकांच्या नेहमीच्या अक्षर-संकेतांवर, चालतं. सुरुवात दाखवणारा स्टार्ट, चूक पकडणारा पॅरिटी आणि शेवट दाखवणारे दोन स्टॉप बिट धरून एका अक्षराला ११ बिट लागतात, म्हणून ११० बॉडला (सेकंदाला ११० बिट) सेकंदाला १० अक्षरं छापली जातात. पीसीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोड कमांडने सिरियल पोर्ट तसा लावला की झालं. अक्षरं फक्त कॅपिटल, पण बेसिकचं त्यावाचून काही अडत नाही.

मॉडेल १५कडे पाचच बिट, म्हणजे ३२ संकेत. त्यामुळे अक्षरं आणि आकडे एकाच संकेतात राहतात, आणि कुठला संच चालू आहे हे यंत्र आधी आलेल्या शिफ्ट या संच बदलणाऱ्या संकेतावरून ठरवतं. शिफ्टचा एक संकेत चुकला की 'टीओपी'च्या जागी ५९० उमटतं. अमेरिकी कीबोर्डावर बरोबर, अधिक, गुणिले ही चिन्हंच नाहीत. बेसिक कसं लिहिणार? वेग ४५.४५ बॉड. पीसीचा सिरियल पोर्ट चालवणारी ८२५० चिप पाच बिट आणि दीड स्टॉप बिट देऊ शकते, पण बायॉस (पीसीतला मूळ अंगभूत प्रोग्रॅम) ११० बॉडच्या खाली उतरत नाही. चिपमध्ये थेट २५३५ हा वेग ठरवणारा भाजक भरायचा आणि आस्कीचे पाच बिटांचे संकेत करणारा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. ज्यांना यातच रस आहे त्यांना मात्र हे यंत्र भरभरून देतं.

वायरिंगमध्येही ३३ सोपं. त्याच्या आत छपाईचा मॅग्नेट चालवणारं सर्किट असतं, त्यामुळे संकेत वाहून नेणारा २० मिलिअँपिअरचा लूप (करंटचं वर्तुळ) पुरतो. आयबीएमच्या मूळ सिरियल कार्डावर त्याची सोयही आहे. मॉडेल १५चा मॅग्नेट थेट लूपमध्ये असतो. त्याला ६० मिलिअँपिअर लागतात, आणि करंट झटकन चढावा म्हणून शंभराहून जास्त व्होल्ट द्यावे लागतात. हा लूप पीसीच्या पोर्टला कधीही सरळ जोडू नका, मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून संकेत पुढे देऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग, हवाच.

मजबुतीत १५ पुढे आहे. ३३ हलक्या वापरासाठीच बनवलं होतं. त्याच्या हातोडीचं रबर वर्षानुवर्षांनी चिकट होऊन गळतं, आणि मग धातू सरळ टाइपव्हीलवर, म्हणजे अक्षरं कोरलेल्या चाकावर, आदळतो. विकत घेतल्यावर आधी ते रबर बदला, मगच छापायला लावा. दोन्ही यंत्रांत मोटर किती हर्ट्झची आहे तेही पाहा: ६०ची सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झनुसार फिरणारी) मोटर ५०च्या विजेवर एक षष्ठांश हळू फिरते, आणि मग पोर्ट कितीही अचूक लावला तरी कागदावर भलतंच उमटतं.