शंभर टक्के ब्लॉकची अँजिओप्लास्टी: काही महिन्यांनंतर, मुख्यतः वायरींच्या बिलाबद्दल

अँजिओप्लास्टी म्हणजे हृदयाची बंद धमनी आतून उघडणं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट बिलावर येतो. माझ्या हृदयाची उजवी धमनी सीटीओ होती, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ पूर्ण बंद. स्टेंटबद्दल तक्रार नाही. पण बिलात गाइडवायरींची, म्हणजे ब्लॉकमधून वाट काढायच्या बारीक तारांची, ही भली मोठी रांग! धमनी एक, ब्लॉक एक, मग एवढ्या वायरी कशाला? काउंटरवर उत्तर मिळालं, ‘प्रोसिजरमध्ये लागल्या.’ डोकंच फिरलं.

फॉलोअपला तो कागद डॉक्टरांपुढेच ठेवला. त्यांनी पेनाने एकेक ओळ समजावली. पहिली वायर मऊ टोकाची, मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) ब्लॉकच्या तोंडाशी नेण्यापुरती. तिने जमलं नाही की पुढची जरा कडक. टोकाचा जोर ग्रॅममध्ये मोजतात. मऊ वायरीचा 1 ग्रॅमच्या आसपास, कडक वायरीचा 12 ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. सुरुवातीलाच कडक घुसवली आणि वाट चुकली, तर धमनीला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकतं. समोरून वाट मिळेना, तेव्हा डाव्या धमनीतून बारीक जोडवाहिनी धरून मागच्या बाजूने गेले. त्यासाठी 3 मीटरहून लांब वायर, नेहमीची 2 मीटरही नसते. मनगट आणि जांघ, दोन्हीकडे का टोचलं तेही तेव्हाच कळलं. दोन्ही बाजूंनी एकदम डाय (एक्स-रेत धमनी दाखवणारं औषध) सोडल्याशिवाय ब्लॉकचं पलीकडचं टोक दिसत नाही.

वायरींवरचा राग गेला. काउंटरवरचा नाही. हेच दोन वाक्यांत आधी सांगता आलं असतं.

गुण आला का? आला. जिने चढताना छाती आवळायची, ते थांबलं. मात्र ‘आयुष्य वाढेल’ असं कुणी सांगत असेल तर पुरावा विचारा. 2018 च्या युरोसीटीओ चाचणीत नुसत्या औषधांपेक्षा त्रास जास्त कमी झालेला दिसला. 2019 च्या डिसिजन-सीटीओमध्ये मृत्यू किंवा हार्ट अटॅकमध्ये फरक दिसला नाही, अर्थात तिथे औषधांच्या गटातल्या बऱ्याच जणांची पुढे अँजिओप्लास्टी झालीच होती. मला जिने चढायचे होते, त्यामुळे माझ्यापुरता हिशेब जुळला.

एक्स-रेचं मात्र कुणी बोलत नाही. एक्स-रेवर बघत करायचं हे काम तासन्‌तास चालतं. एक्स-रेचा डोस 5 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) वर गेला तर काही आठवड्यांनी पाठीची कातडी लाल होऊ शकते, म्हणून घरच्यांना पाठ बघायला सांगा. माझ्या डिस्चार्ज कार्डावर तो आकडाच नव्हता, मागून घ्यावा लागला. वायरी मात्र एकही न चुकता लिहिलेल्या!

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्त गोठू न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, त्यामुळे मनाने बंद करायची सोय नाही. दाढी करताना कापलं की रक्त थांबता थांबत नाही. शेवटी इलेक्ट्रिक शेव्हर घेतला. तो खर्च बिलात आला नाही, एवढंच.