एप्रिलमधली लाँग रन: मेडिकलमधलं ओआरएस, फसफसणारी गोळी की घरचं सरबत?

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पावसाळा सरता सरता येते आणि मुंबई मॅरेथॉन थेट जानेवारीत. पण दोन्हींचा पाया एप्रिल-मेमध्येच घालावा लागतो. दक्षिण आफ्रिकेत जूनमध्ये होणाऱ्या कॉम्रेड्स या अल्ट्रा मॅरेथॉनला जाणाऱ्यांचे तर सगळ्यात लांब पल्ले ऐन याच दिवसांत पडतात. एप्रिलच्या मध्याला पुण्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे पाचला घर सोडलं तरी दोन तासांच्या रनमधला शेवटचा पाऊण तास उजेडातला. मुंबईत आणि कोकणात ऊन वर येण्याआधीच दमटपणा गाठतो, घाम वाळतच नाही.

या रनच्या बाटलीत भरायला चार गोष्टी सहज मिळतात: मेडिकलमधली ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी, पाण्यात फसफसणारी इलेक्ट्रोलाइट म्हणजे क्षारांची गोळी, नारळपाणी आणि घरचं सरबत. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. दीड ते अडीच तासांच्या रनसाठी पुडी घ्यावी, निम्मी पातळ करावी आणि वर थोडी साखर घालावी. सर्वांत स्वस्त, आणि हिशेबाला सर्वांत सोपी.

कुठलंही पाकीट हातात घेतलं की चव, रंग, पुढच्या बाजूचा धावपटू हे सगळं सोडून मागे सोडियमचा आकडा पाहायचा. लिटरभर घामातून साधारण अर्ध्या ते पावणेदोन ग्रॅमपर्यंत सोडियम जातं; बहुतेकांचं एक ग्रॅमच्या आसपास. टोपीच्या कडेला आणि काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमचा घाम खारट गटातला समजा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ही गळती जास्त असते. उकाड्यात रोज पळून दहा-चौदा दिवसांत शरीर सरावतं, मग घाम लवकर आणि जास्त येतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे मार्चअखेरीस बसवलेलं प्रमाण मेमध्ये जसंच्या तसं चालवायची गरज नाही.

आता पुडी. जागतिक आरोग्य संघटनेने (डब्ल्यूएचओ) २००२ मध्ये सुचवलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सगळे जिला सरसकट ‘इलेक्ट्रॉल पावडर’ म्हणतात ती मोठी पुडी २१.८ ग्रॅमची, एका लिटरसाठी, साधारण वीस-पंचवीस रुपयांना. लहान पुड्या २०० मिलिलिटरच्या असतात, म्हणून मागून वाचून घ्यावं. लिटरभर द्रावणात सोडियम सुमारे १७२५ मिलिग्रॅम. ग्लुकोज फक्त चवीसाठी नसतं: लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबातही ओआरएस लागू पडतं ते याच कारणाने.

पण ते जुलाबासाठी बेतलेलं आहे, हेही खरं. पळताना पूर्ण कडक द्रावण बहुतेकांना खारट आणि कडवट लागतं. मग माणूस घोट टाळतो, आणि न प्यायलेल्या ओआरएसचा उपयोग शून्य. निम्मं पातळ केलं की लिटरला ८६० मिलिग्रॅम सोडियम उरतं. सरासरी घामासाठी ते पुरेसं आहे आणि चवही सुसह्य होते. कमी पडतं ते इंधन. अर्ध्या लिटरच्या बाटलीत मग ग्लुकोज जेमतेम साडेतीन ग्रॅम राहतं. दीड तासापुढच्या रनला ताशी ३० ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जायला हवीत. म्हणून बाटलीमागे चार सपाट चहाचे चमचे साखर. त्याने बाटलीत वीसेक ग्रॅम होतात; उरलेल्यासाठी, किंवा बाटली गोड नकोच असेल तर, खिशात खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की ठेवा. शेंगदाण्याची चिक्की रन संपल्यावर, कारण तिच्यातलं तेल पळताना पोटात बसून राहतं.

बनवायची रीत शनिवारी रात्रीची. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं एक लिटर पाणी मोजून घ्या. मापाचं भांडं नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली हेच माप. पातेल्याचा अंदाज नको. पूर्ण पुडी एकदम रिकामी करा आणि खडा राहणार नाही इतकं ढवळा. मग प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५० मिलिलिटर हे द्रावण, २५० मिलिलिटर साधं पाणी, चार चमचे साखर आणि पाव लिंबू गाळून. गाळायचं अशासाठी की लिंबाचा गर सॉफ्ट फ्लास्कच्या, म्हणजे दाबून प्यायच्या मऊ प्लास्टिकच्या बाटलीच्या, चोखणीत अडकतो आणि ऐन चढावर बाटली बंद पडते. एका पुडीत अशा चार बाटल्या होतात, म्हणजे नवरा-बायको दोघे पळणारे असतील तर प्रत्येकी दोन. बाटलीचा खर्च सहा रुपयांच्या आसपास.

इथे सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते पुडी फोडून चमच्याने थोडी थोडी वापरण्यात. चार घटकांची भुकटी पाकिटात सारखी मिसळलेली राहीलच असं नाही, एका चमच्यात मीठ जास्त आणि दुसऱ्यात ग्लुकोज जास्त येऊ शकतं. शिवाय फोडलेली पुडी दमट हवेत दोन दिवसांत दगड होते. आधी लिटरभर द्रावण, मग ते पातळ, हाच क्रम. दुसरी चूक म्हणजे पूर्ण बाटली फ्रीझरमध्ये टाकणं. गोठताना आधी पाणी गोठतं आणि क्षार उरलेल्या द्रवात राहतात, त्यामुळे पहिले घोट खारट आणि शेवटचा बर्फ अळणी लागतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली ओल्या रुमालात गुंडाळली तर पहाटे पुरेशी गार राहते. तसाही एप्रिलमध्ये फ्रीझर आंब्याच्या रसाच्या डब्यांनी भरलेला असतो, तिथे धावपटूच्या बाटलीला जागा मिळत नाही.

तांब्याच्या बाटलीत हे द्रावण किंवा लिंबू-कोकमाचं कुठलंही सरबत भरू नये. आंबट पाण्यात तांबं उतरतं आणि मळमळ, उलटी होते. उन्हात पळताना झालेली मळमळ मग उन्हाच्या खाती मांडली जाते, खरं कारण कळत नाही.

गोळ्यांकडे वळू. वीस गोळ्यांची नळी, गोळीमागे ब्रँडप्रमाणे साधारण पंधरा ते पंचवीस रुपये. सोय मात्र मान्य करायला हवी: खिशात चार गोळ्या टाकल्या की वाटेतल्या कुठल्याही नळावर बाटली तयार. गावाला गेलेलं कुटुंब, लग्नघर, हॉटेलची खोली अशा ठिकाणी मापं घेत बसण्यापेक्षा गोळी बरी. अडचण आकड्यांत आहे. काही गोळ्यांत सोडियम ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं, काहींत शंभरच्या आत, आणि नळीच्या पुढच्या बाजूला दोन्हींवर ठळक अक्षरांत जीवनसत्त्वंच लिहिलेली. दोन तासांच्या रनला जीवनसत्त्वांचा काही उपयोग नाही. बऱ्याच गोळ्या शुगर-फ्री असतात, म्हणजे इंधनाची सोय वेगळी करावी लागते. त्यातल्या गोडव्याने काहींचं पोटही बिघडतं. नवी गोळी शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये, हे म्हणूनच.

गोळी फसफसते ती बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आल्यामुळे. वायू निघून जायला चार-पाच मिनिटं लागतात. घाईने झाकण लावलं तर सॉफ्ट फ्लास्क फुगतो, पहिल्या घोटाला फवारा चेहऱ्यावर येतो आणि पुढचे दोन किलोमीटर ढेकरा. नळीच्या झाकणात ओल शोषणारी भुकटी असते. ते झाकण ओट्यावर उघडं पडलं तर मुंबई-कोकणाच्या हवेत गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात आणि नंतर धड फसफसतही नाहीत. मग बाटलीमागे पुडीच्या तिप्पट किंमत मोजून हाती काय आलं, हा प्रश्न उरतोच.

घरच्या सरबताला आम्ही गोळीच्या वरचा क्रमांक देऊ, अट एकच: मीठ मोजून घाला. सरबतात घरोघरी जे ‘चवीपुरतं’ मीठ पडतं, ते चिमूटभर, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम सोडियम. लाँग रनला अर्ध्या लिटरमागे पाव सपाट चमचा मीठ लागतं. त्यातून ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. सोबत पाच चमचे साखर आणि अर्धं लिंबू. सैंधव घेतलं तरी मूळ मीठ तेच. फक्त जाडं असेल तर चमच्यात कमी मावतं, म्हणून बारीक करून मोजा. कैरीच्या पन्ह्याला हेच प्रमाण चालतं, पण आधी गाळणीतून काढा आणि वेलची अगदी कमी घाला. एरवी घरी प्यायचं दाट पन्हं पळताना गळ्याशी येतं.

कोकमाच्या बाबतीत बाटलीवरचं नाव नीट वाचायला हवं. आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस, अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकातला. आगळात मीठ आधीच भरपूर असतं आणि ते किती, हे बनवणाऱ्याच्या हातावर. म्हणून आगळ घेतलं तर वरून मीठ नको, साखर घाला. अमृत कोकम घेतलं तर साखर नको, मीठ घाला. दोन्हींत दोन्ही घातलं की बाटली बेसिनमध्ये ओतावी लागते.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, घामात नेमकं उलट. रन संपल्यावर जरूर प्यावं, ओआरएसच्या जागी नको. ताकाचंही तेच, मीठ-जिरं घालून पोह्यांबरोबर. साध्या ग्लुकोज पावडरीत साखरेखेरीज फारसं काही नसतं.

किती प्यायचं, याला घरातला वजनकाटा पुरतो. निघण्यापूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. परतल्यावर घाम पुसून पुन्हा. समजा ६२.० किलोचे ६०.६ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर घाम गेला १.९ लिटर; दोन तासांच्या रनला ताशी ९५० मिलिलिटर. तेवढं सगळं पळताना भरून काढायचं नसतं. वजन दोन टक्क्यांपर्यंत उतरलं तर चालतं, बाकीचं घरी येऊन तीन-चार तासांत भरून काढा. वजन वाढलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा, कारण पाणी गरजेपेक्षा जास्त झालं आहे. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी आणखी पाणी पाजणं धोक्याचं, सरळ दवाखाना गाठावा. पोटऱ्यांत गोळे आले की सगळा दोष मिठाच्या माथी मारला जातो, तेही पुरतं बरोबर नाही. न सोसणारा वेग आणि थकलेले स्नायू हेही तितकंच मोठं कारण.

घरात एकच पुडी दोन कामांना येते, आणि काळजी घ्यायची ती इथेच. मुलाला जुलाब झाले तर द्रावण पूर्ण कडक द्यायचं: एक मोठी पुडी, एक लिटर, वर साखर नाही, लिंबू नाही. फ्रिजमधली धावण्याची पातळ, गोड बाटली त्याला देऊ नये. जादा साखरेने जुलाब वाढतात. बाटलीला रबर बँड किंवा चिकटपट्टी लावून खूण केली की पहाटेच्या अंधारात किंवा आजीच्या हातून अदलाबदल होत नाही. आजी-आजोबांनी ‘उन्हाळ्यात चांगलं असतं’ म्हणून हे सरबतासारखं पिऊ नये. लिटरभर कडक द्रावणात पावणेदोन ग्रॅम सोडियम आहे आणि दिवसाची शिफारस दोन ग्रॅमच्या आतली. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको, मग तो धावपटू का असेना. आणि जी मुलं आईबाबांबरोबर तीन-चार किलोमीटर पळून येतात, त्यांना साधं पाणी आणि नाश्ता एवढंच पुरे.

मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोड, फळांच्या चवीच्या खोक्यांबद्दल थोडं. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी दुकानात नुसतं ‘ओआरएस द्या’ म्हणू नका. पुडीवर डब्ल्यूएचओचं सूत्र आणि घटकांचे ग्रॅम छापलेले आहेत ना, ते पाहा. घेताना पुडी बोटांनी दाबून बघा. आत गठ्ठा लागला तर ओल शिरली आहे, दुसरी मागा.

बनवलेलं द्रावण २४ तासांत संपवायचं. शनिवारी रात्री नऊला केलेलं रविवारी रात्री नऊला सांडून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी. साखरेच्या बाटल्या घरी पोचल्या पोचल्या धुवा, आंघोळीनंतर नव्हे. चोखणी काढून कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा, आणि सॉफ्ट फ्लास्कमध्ये लाटण्याइतकी जाड काठी घालून तो उघडा ठेवून उलटा वाळवा. मिटलेल्या प्लास्टिकच्या घडीत दोन दिवसांत काळी बुरशी धरते आणि ती घासून निघत नाही.