‘एक बाल नहीं गिरेगा’ म्हणाला, आणि आम्ही 41,500 मोजले

सांगायची लाज वाटते. एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे कागद तपासले आणि फसलो ते कुत्र्याच्या कागदावर.

हिला दमा, लेकीला कुत्रा हवा. जो तो म्हणे, पूडलची क्रॉस घ्या, काही होत नाही. इंदूरच्या विजयनगरमधल्या एकाने मोबाइलवर ‘माल्टीपू’चे फोटो पाठवले. निळ्या उशीवर पांढरं, कुरळं, मुठीएवढं पिल्लू. ‘झीरो अ‍ॅलर्जी सर, एक बाल नहीं गिरेगा.’ 10,000 यूपीआयने, 28,000 रोख आणि ‘केसीआय पेपर’चे वेगळे 3,500.

इथे. इथेच डोकं चालायला हवं होतं. माल्टीपू म्हणजे माल्टीज आणि पूडलचा संकर. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, नोंद करतो ती शुद्ध जातीची, मग संकराचा पेपर निघेल कुठून? पण गोल शिक्का, चकचकीत कागद, आणि मी तो चक्क प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाइलला लावला! बँकेत असा कागद कोणी आणला असता तर काउंटरवरूनच परत पाठवला असता. पण लेक शेजारी उभी, पिल्लू तिच्या ओढणीत शिरलेलं. तुम्ही काय केलं असतं?

पिल्लाची आई दाखवा म्हटलं तर, ‘मम्मी फार्म पे है, देवास साइड.’ पिल्लू हातात दिलं पार्किंगमध्ये. आई दाखवत नसेल तर उलट्या पावली घरी या.

चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्वो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूरोग. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, तर मागच्या दुधाच्या दाढा पुऱ्या आल्याच नव्हत्या. दोन महिन्यांचं म्हणून दिलेलं पिल्लू जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं. 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही, आणि विकणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. लसीच्या कार्डावर तारखा, सही सगळं होतं. कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर तेवढं नव्हतं. ते आधी बघा. पाच दिवस सलाइन, 11,400. वाचलं बिचारं.

आठव्या महिन्यापासून केस. सोफ्यावर, अंथरुणावर, पोह्यांच्या बशीत. हिचा पंप पुन्हा सुरू. मी म्हटलं, उभ्या कानांचा, केसाळ स्पिट्झ गळ्यात मारला आमच्या. डॉक्टर म्हणाले, असेलही, नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही. पण खरा माल्टीपू असता तरी हे झालं असतं. एकाच वेतातल्या एका पिल्लाचा कोट पूडलवर जातो, म्हणजे फारसा गळत नाही, दुसऱ्याचा जात नाही. आणि अ‍ॅलर्जी केसांची नसतेच मुळी, लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. ऑस्ट्रेलियात 1989 साली वॉली कॉन्रन यांनी लॅब्राडूडलची, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडलच्या संकराची, पैदास केली ती एका अंध बाईला वाट दाखवणारा कुत्रा हवा म्हणून, कारण तिच्या नवऱ्याला अ‍ॅलर्जी. तीन पिल्लं झाली, त्यांतलं एकच त्या नवऱ्याला चाललं. पुढे कॉन्रन यांनीच जाहीर पस्तावा केला. म्हणजे या भामट्याने मला विकलेली गॅरंटी जगात कोणाकडेच नाही!

आणि न गळणारा कोट मिळालाच तरी तो रोज विंचरायचा, नाहीतर जटा. दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमर. आई-बापाच्या डोळ्यांची जनुकीय तपासणी मागा. पूडलमध्ये आंधळेपण आणणारा पीआरए रोग असतो.

मग ठाणं. ‘अंकल, कुत्ता तो मिला ना आपको? फिर चीटिंग कैसी?’ साहेब हसले, हवालदार हसला, बाकावर बसलेला एक हातकडीवाला पण हसला. तिथून एका खात्यात पाठवलं, त्यांनी दुसऱ्या खात्यात, तिथला बाबू म्हणे भोपाळला लिहा. लिहिलं. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पोचपावती आली, उत्तर नाही. पुन्हा गेलो तर बाबू बदललेला, नवा विचारतो, ‘ब्रीड कौन सी है?’ हाच तर प्रश्न आहे ना बाबा! रोख दिलेल्या 28,000चा पुरावा काय, म्हणे. तेही खरंच, चिठ्ठी घेतली नव्हती. रोख देऊ नका. यूपीआयचे गेले तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे आठ महिने थांबू नका.

लोक म्हणतात, देऊन टाका कुणाला. हीच नाही म्हणते, पंप ओढत.

परवा जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, भाव 45,000, तीच निळी उशी, तेच पिल्लू. आमच्या मोतीचे कान कधीच असे खाली पडलेले नव्हते.