‘आल्टरनेटर गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी मीटर लावायला सांगा

हायवेवर बॅटरीचा दिवा लागला आणि पहिल्याच गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत ‘आल्टरनेटर गेलाय’ असा निकाल दिला, तर त्याने पाना उचलण्याआधी त्याला व्होल्टेजचा मीटर लावायला लावा. आल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. आमचे साडेनऊ हजार गेले, वर आमचा चांगला चालणारा आल्टरनेटरही त्याच्याकडेच राहिला. पैशांपेक्षा त्या आल्टरनेटरचा राग जास्त आहे.

ऐन मे महिन्यात मालवणला निघालो होतो. गाडी जुनी, डिझेल. संगमेश्वरच्या आसपास डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा दिसायला लागला. लागला म्हणजे मिणमिणता. पूर्ण लाल नव्हे, आणि रेस दिली की जरा उजळायचा. हे मी गॅरेजवाल्याला आवर्जून सांगितलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्याने इंजिन चालू ठेवूनच बॅटरीचं टर्मिनल उपसलं. इंजिन गपकन बंद. “बघा काका, पार गेलाय. आतापर्यंत बॅटरीवरच धावत होती.” डोळ्यांदेखत इंजिन बंद पडल्यावर माणूस काय वाद घालणार? पण या खेळातून एवढंच कळतं की करंट गाडीपर्यंत पोचत नाहीये. कुठे अडलाय, ते कळत नाही. शिवाय आल्टरनेटर चालू असेल तर बॅटरी काढल्यावर व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्यातले डायोड किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो. कोणी हे करायला लागला तर सरळ हात धरा.

पुढचा डाव बॅटरीवर. “हीसुद्धा बसलीये, जोडीने बदलून टाका.” बायकोने ग्लोव्ह बॉक्समधलं वॉरंटी कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं; वर्षभराची वॉरंटी बाकी होती. तो विषय तिथेच मिटला. चार्जिंग होत नसेल तर बॅटरी उतरणारच. चार्जरवर नीट भरून, मग लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून तपासणी, केल्याशिवाय तिला बाद ठरवता येत नाही.

‘नवीन’ आल्टरनेटर तो चिपळूणहून मागवणार होता. पोरगा बाईकवरून पाऊण तासात हजर! वाटेतला सावर्डे-आरवलीचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांनी जाऊन-येऊन हिशोब करावा. बॉक्स कुठाय विचारलं, तर भिजला म्हणून फेकला म्हणे. मे महिन्यात. जुना मागितला तेव्हा उत्तर तयार होतं: “तो कंपनीला परत द्यावा लागतो, नाहीतर दोन हजार जास्त पडतील.” पावतीपुस्तक संपलेलं, म्हणून वहीच्या कागदावर हिशोब, तोही मी मागितला म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवला. काम झाल्यावर मात्र त्याने मीटर काढला आणि बॅटरीवर १४.२ व्होल्ट दाखवले. म्हणजे मीटर होता!

मालवणात पोचल्यावर काही दिवसांतच तोच मिणमिणता दिवा परत. तिथल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. दिवा पूर्ण पेटला. म्हणजे बल्ब, त्याची वायर आणि आल्टरनेटरच्या आतले कार्बन ब्रश जाग्यावर आहेत. मग इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावला: १२.१. लगेच आल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर लावला: १४.९.

“चार्ज येता हा, वाटेत खंयतरी अडाकता,” म्हणाले.

मीटरची एक पिन त्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. २.८ व्होल्ट. तिथे ०.२-०.३ च्या वर जायला नको. बॅटरीजवळचा फ्यूज बॉक्स उघडला तर मेन फ्यूजच्या नटाखाली हिरवट-काळा थर, शेजारचं प्लास्टिक वितळून वाकलेलं. खारी हवा तांब्याचं काय करते ते किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको. फ्यूज आणि वायरचं टोक नवीन बसवलं, नट आवळला, बॅटरीवर १४.३. साडेतीनशे रुपये.

तो मिणमिणता दिवाच हे सांगत होता. जुन्या गाड्यांत त्या बल्बचं एक टोक बॅटरीच्या बाजूला आणि दुसरं आल्टरनेटरच्या बाजूला असतं. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं झालं की तो विझतो. एकीकडे पंधराच्या जवळ आणि दुसरीकडे बारा असेल तर मधल्या फरकावर मिणमिणतो. हायवेवरच्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याने हळूच तोच नट आवळला असणार, म्हणून त्या दिवशी १४.२ आले.

नंतर म्हाताऱ्यांनी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून ‘नवीन’ आल्टरनेटरवर घासली. चंदेरी रंग चिंधीवर आला, खाली खाऱ्या हवेने खड्डे पडलेलं, पांढरी भुकटी धरलेलं ॲल्युमिनियम. “ह्यो नवो म्हणान कोणी सांगल्यान तुमका?” त्याच्यावरच्या माहितीच्या पट्टीवर ७० ॲम्पिअर; आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ९०. म्हणजे हाही कोणाच्या तरी गाडीतून ‘कंपनीला परत’ गेलेला.

मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५. हे आकडे जुन्या गाड्यांचे; नव्या गाड्यांत ईसीएम व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतो, तिथे स्कॅनर लागतो. आल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का, इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजलीय का, हे आल्टरनेटर उतरवण्याआधी बघायचं असतं. उतरवायचाच झाला तर त्यावरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो काढा आणि जुना नग डिकीत पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅरेजवाल्याला फोन केला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “पक्कं बिल आहे का?” नव्हतं. पण यूपीआयची नोंद होती आणि त्याच्याच अक्षरातला हिशोब फोनमध्ये होता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक त्याला पाठवला. मग तीन हजार परत आले, वर ‘तुमचा जुना भंगारात गेला’ असा निरोप.

सध्या ७० वालाच गाडीत आहे. पावसात वायपर, एसी आणि हेडलाइट एकदम लावून सिग्नलला उभं राहिलं की दिवे मंदावतात. ९० चा शोधतोय, बॉक्स आणि बिलासकट.